तारामाशाचा तास

मनमाड सोडलं आणि खिडकीतला हिरवा रंग संपला. करडी, तडकलेली जमीन, मध्येच एखादी बाभूळ, आणि माथे सुरीने कापावेत तसे सपाट डोंगर. रत्नागिरीच्या माणसाला एवढं कोरडं बघायची सवय नसते. मग देवगिरीचा किल्ला दिसला आणि समोरच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "आलंच आता शहर. वेरूळला चालला का?"

"नाही, मुलाखत आहे."

"लेकीची?"

"माझीच."

बाईंनी माझ्या पांढऱ्या बटेकडे पाहिलं, मग पिशवीतल्या मूठभर भाजलेल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या.

मी प्राणिशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये बोलावतात आणि मार्चमध्ये विसरतात. माझा विषय अपृष्ठवंशी प्राणी, पाठीचा कणा नसलेले: स्पंजापासून तारामाशापर्यंतचे सगळे. डॉक्टरेट झाली, पात्रता परीक्षा झाली, केस पिकायला लागले, कायमची जागा काही मिळाली नाही. या शहराबाहेरच्या एका कॉलेजात एक जागा निघाली होती आणि जाहिरातीत चक्क "अपृष्ठवंशी प्राण्यांच्या अभ्यासकास प्राधान्य" असं छापलं होतं. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. म्हणून एवढ्या लांब आले.

स्टेशनवरच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर होतं, रिक्षावाल्याच्या तोंडात औरंगाबाद. "छावणी? बैठो मॅडम," म्हणून त्याने मला रेहानाच्या दारात सोडलं. रेहाना आणि मी एम.एस्सी.ला कोल्हापूरच्या वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. ती लग्न करून इथे आली. तिच्या नवऱ्याचं औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान आहे, आणि ती एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते.

"कित्ती वाळलीस गं! समंदर में मछली खतम हो गयी क्या?" तिने दारातच मिठी मारली. दुपारी तिने नानखलिया (तंदूरमधली जाड, पिवळसर रोटी आणि मसालेदार मटणाचा पातळ रस्सा) मागवला. रश्श्यावर लाल तर्री तरंगत होती. आमच्याकडच्या नारळाच्या वाटणाची सवय असलेल्या जिभेला तो आधी परका वाटला, मग मी रोटीचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवून घेतला.

संध्याकाळी तिने मला पाणचक्की दाखवली. जुन्या काळी डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून (पाण्याच्या बंदिस्त पाटातून) शहरात आणलं. वाटेत उंच बंबे (विटांचे मनोरे) बांधले, त्यांतून पाणी दाबाने वर चढायचं आणि पुढे जायचं. इथे ते भिंतीवरून हौदात पडतं. मी हौदाच्या काठावर बराच वेळ बसले.

"कल का सोच रही?" रेहानाने विचारलं.

"हो."

"नको सोचू. इथं मुलाखत म्हंजे नुसतं नाटक असतंय. दिल नको लगाऊ."

तिचं बोलणं मला आवडलं नाही. मी म्हटलं, जाहिरात वाचलीस का तू? ती हसली आणि बाहेरच्या टपरीवर चहा सांगून आली.

कॉलेज मुकुंदवाडीच्याही पुढे, मोठ्या रस्त्याला लागून. सकाळीच ऊन तापलं होतं. आम्हा उमेदवारांना प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसवलं. शिपायाने एका ताटलीत चिठ्ठ्या आणल्या. ज्याला जो विषय येईल त्यावर त्याने समितीपुढे पाठ घ्यायचा. मला मृदुकाय प्राणी आले, म्हणजे गोगलगाय, कालवं, माकूळ असे मऊ अंगाचे. मला आनंद झाला. माझ्या शेजारी निळ्या शर्टातला एक तरुण बसला होता. त्याने चिठ्ठी उघडली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, तारामाशाची जलसंवहन संस्था म्हणजे नेमकं काय हो?"

"तुमचा विषय कोणता?"

"माझं सगळं काम माशांवर. मी सुशांत. हे बिनकण्याचं मी एम.एस्सी.नंतर उघडलंच नाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. परीक्षेच्या दिवशी माझे विद्यार्थी असेच बघतात. प्रयोगशाळेच्या कपाटात बरण्या होत्या. मी शिपायाला विनंती करून तारामाशाची बरणी काढून घेतली, तारामासा ट्रेमध्ये उलटा ठेवला आणि सुशांतला म्हटलं, "या बाहूच्या मधल्या खाचेत बघा. बारीक नळ्यांच्या रांगा दिसतात? हे त्याचे पाय."

"इतके?"

"आणि ते पाण्यावर चालतात. तुम्ही इथलेच ना? पाणचक्की पाहिलीय?"

"लहानपणापासून."

"मग तुम्हाला हे येतंय. आता हा पलटून बघा, पाठीवर ही चाळणीसारखी तबकडी आहे, इथून समुद्राचं पाणी आत येतं. तुमच्या नहरीचं तोंड समजा. एका नळीतून ते खाली उतरतं, तोंडाभोवतीच्या गोल नळीत येतं, तिथून पाच बाहूंत पाच नळ्या. शेवटी प्रत्येक पायाच्या डोक्यावर एक छोटी पिशवी. पिशवी आकसली की पाणी पायात घुसतं आणि पाय लांब होतो. पुढे जाऊन चिकटतो. पायाचे स्नायू आकसले की पाणी परत पिशवीत. असे शेकडो पाय एकदम. एवढ्या बळावर तो शिंपला उघडतो."

सुशांत ट्रेवर वाकला होता. "म्हणजे पायात हाड नाही, नुसता दाब," तो हळूच म्हणाला. "पाण्याचा दाब. बंब्यासारखा!"

त्याला कळलं होतं. त्या क्षणी चेहऱ्यावर जे उजळतं, त्यासाठीच मी इतकी वर्षं या धंद्यात पडून आहे. मी त्याला शिंपला उघडल्यावर तारामासा आपलं पोट बाहेर काढून आत कसं सारतो तेही सांगितलं, फळ्यावर आकृती काढायला लावली, चुकली तिथे पुसून परत काढायला लावली. तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं. खडूचे हात पँटला पुसत तो गेला.

त्याच्यानंतर माझा नंबर लागला. समोर संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, आणि बाहेरून आलेले एक वयस्कर विषयतज्ज्ञ. कोपऱ्यात तिपाईवर कॅमेरा. मी विषय सांगताच अध्यक्ष म्हणाले, "पाठीचा कणा नसलेले, म्हणजे आमच्या सगळ्या स्टाफसारखे!" सगळे हसले. प्राचार्यही हसले.

मी माकुळाची तीन हृदयं आणि निळं रक्त सांगायला सुरुवात केली. तज्ज्ञांनी मला मध्येच थांबवलं. ते मनापासून बोलत होते. "मॅडम, माहिती उत्तम आहे. पण आत्ताच्या उमेदवाराने तारामासा शिकवताना आपल्या नहरीचं उदाहरण दिलं. इतकं सुंदर, इतकं स्थानिक! असं काही तुम्हाला सुचतं का?"

माझ्या हातात खडू होता. "ते उदाहरण माझं आहे," हे वाक्य ओठांपर्यंत आलं. पण ते म्हणणारी बाई कशी दिसली असती ते मला कॅमेऱ्यात आधीच दिसलं.

"सुचतं," मी म्हटलं, आणि आईच्या स्वयंपाकघरात माकूळ साफ करताना मी पहिल्यांदा त्याची शाईची पिशवी फोडली होती ते सांगू लागले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "पुरे, मॅडम. धन्यवाद."

प्रयोगशाळेत परतले तेव्हा तिथे एकच उमेदवार उरली होती. वर्षा तिचं नाव, मुकुंदवाडीचीच, गांडुळांवर काम केलेली. ती फोनवर बोलत होती. "जयभीम दादा. नाय, अजून नंबर नाय लागला." फोन ठेवून तिने मला पाणी दिलं.

"मॅडम, एक सांगू? तुम्ही त्याला शिकवत होता ना, तो अध्यक्षाचा जावई आहे. सगळं ठरलंय आधीच. मी इथं तिसऱ्यांदा येतेय, मला माहितीय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होते. पण तुम्ही लई रंगात आला होता. आणि खरं सांगू? मलाबी ऐकायचं होतं."

एवढ्यात शिपाई पेढ्यांचे खोके घेऊन समोरून समितीच्या खोलीत गेला. आम्ही दोघींनी ते पाहिलं. मागोमाग त्याने बाहेर येऊन वर्षाचं नाव पुकारलं.

"आता कशाला जाता?" मी म्हटलं.

"जाणार तर. शिकवून येते. त्यांनी ऐकायचं का पेढे खायचे, त्यांचं ते बघतील." तिने पदर खोचला आणि गेली. बंद दारातून तिचा खणखणीत आवाज बराच वेळ येत होता.

मी फाटकाशी पोचले तेव्हा सुशांत मागून धावत आला आणि सगळ्यांदेखत त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. "ताई, तुमच्यामुळं लाज राहिली. शूटिंग होतं ना. नुसतंच घेतलं असतं तर लोक बोलले असते." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तो लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. "आमच्याकडं तासिका निघणारेत. तुम्ही या. अपृष्ठवंशी सगळं तुम्हीच घ्या, मी सासऱ्यांना सांगतो."

"माझं घर रत्नागिरीला आहे," मी म्हटलं.

रेहानाने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगितलं नव्हतं का. ती म्हणाली, "आणि तू पाय पुढं केलेस?"

"मागे घ्यायला वेळच मिळाला नाही."

मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मी रडले. तिने मला औरंगपुऱ्यातल्या गल्लीतून जिलबीसारखी गरम इमरती आणून खायला घातली. तिची गोडी मला आठवत नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे पाठ करून बसले. घरी नवऱ्याने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, पाठ चांगला झाला. ते खोटंही नव्हतं. फक्त कोणता पाठ ते मी सांगितलं नाही. शेजारणींनी वेरूळ-अजिंठ्याचं विचारलं. पाहिलं नाही म्हटल्यावर त्यांना माझी कीव आली.

पावसाळ्यात कॉलेजं सुरू झाली आणि एका दुपारी सुशांतचा फोन आला. नंबर त्याने माझ्या अर्जावरून घेतला होता. "ताई, वर्गातच उभा आहे. गोगलगायीचं शरीर आत पीळ घेतं म्हणतात, ते पोरांना समजंना. मलाबी समजंना. स्पीकरवर टाकू का?"

मी ठेवायला हवा होता फोन. पण मागे बाकांचा आवाज येत होता, मुलं कुजबुजत होती, आणि आता मी बोलले नाही तर ही मुलं ते चुकीचं शिकणार होती. मी सांगितलं. डिंभकावस्थेत (अळीच्या वयात) गोगलगायीच्या शरीराचा मागचा भाग कसा फिरून पुढे येतो, त्यामुळे तिचं गुदद्वार डोक्याच्या वर कसं येतं.

"मॅडम," एका मुलीचा आवाज आला, "मग तिची घाण तिच्याच डोक्यावर पडत नाय का?"

वर्ग खदखदून हसला. मीही हसले. इतका नेमका प्रश्न मला माझ्या वर्गात वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता. नेमकी हीच अडचण असते, आणि कुणी कवचाला भोक ठेवून, कुणी पाण्याचा प्रवाह एका बाजूने फिरवून ती सोडवलेली असते, हे मी तिला सविस्तर सांगितलं. तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा.

"मॅडम, तुम्ही कुठल्या कॉलेजला असता?" शेवटी तिने विचारलं.

सुशांतने घाईघाईने स्पीकर बंद केला. "थँक्यू ताई. असंच सांगत जा अधूनमधून."

त्या मुलीला माझं नाव कळलं नाही, मला तिचं नाही. त्या शहरात मी एकच दिवस शिकवलं, एकाच माणसाला, आणि पगार त्याला सुरू झाला. याचा राग मला आहे, आणि तो जावा असं मला वाटत नाही. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणखी चांगलं कसं देता आलं असतं याचा विचार करत बसले होते, आणि याचा राग जास्त आहे.