तिला मी माफ केलं

नाशिकहून सिल्वासाला आले, ती धाग्याच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून. डोकमर्डीच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच. जेवणाच्या सुट्टीत लॅबमधल्या चौघी एका टेबलावर बसायच्या. मला कुणी बोलवायचं नाही आणि मीही आपणहून जायचे नाही. त्यांच्यातली एक नंदुरबारकडची, फार हसरी. एकदा तिने माझ्या बोलण्याची नक्कल केली, "अगं बाई, हे असं नाही हं करायचं!" सगळ्या पोट धरून हसल्या. मी दारातच उभी होते.

त्या दिवसांत मी एक कोरियन मालिका बघत होते. मोठ्या शहरातली एकटी बाई तिचा अपमान करणाऱ्या एकेकाला शांतपणे आयुष्यातून उठवते. रविवारी पडदे ओढून मी एकामागून एक भाग बघायचे. तिच्यासाठी रडायचे. खरं तर स्वतःसाठीच.

मग एका दुपारी त्या नंदुरबारच्या बाईने चाचणी न करताच रजिस्टरमध्ये आकडे भरले आणि ती घाईने निघून गेली. तिच्या मुलीला ताप आला होता, शाळेतून फोन होता. मी तो ऐकला होता. तरी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मी रजिस्टर उघडून दाखवलं. फोनबद्दल अक्षरही काढलं नाही. माझा आवाज मालिकेतल्या बाईसारखा थंड येत होता, आणि तो मला आवडत होता.

तिला गलोंड्याच्या युनिटला टाकलं, पॅकिंगमध्ये, दिवसभर उभं राहायच्या कामावर. शेवटच्या दिवशी ती माझ्याजवळ आली.

"ताई, मी तुमची नक्कल केली ती तुम्ही ऐकली होती ना? माफ करा. मनात ठेवू नका."

"अगं, विसर ते. मी केव्हाच माफ केलं," मी म्हणाले. अगदी मोठेपणाने म्हणाले.

काही महिन्यांनी, खरं सांगून टाकायचं ठरवून, मी गलोंड्याला गेले. शिफ्ट सुटली तशी ती मला बघून गेटमधून धावतच आली. बरोबरच्या बायकांना म्हणाली, "ही आमच्या लॅबमधली ताई. एवढ्या लांब मला भेटायला आली बघा!" बळेच चहा पाजला. मुलगी दुसरीत गेली, पाय फार दुखतात, असं बरंच बोलली. तक्रार कुणी केली असेल, हे तिने एकदाही विचारलं नाही.

विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी परतताना रिक्षात स्वतःला म्हणत राहिले. ते खरं नव्हतं.