चारी चाकांनी ओढणारी गाडी

चहा आधी संपवून घ्या, मग माझी फजिती ऐका. नाहीतर ठसका लागेल आणि नाव माझं होईल. मी सावकाश सांगतो हं. आमची गाडीही सावकाशच चालायची, पण काय रुबाबात चालायची!

आमचे वडील धारच्या सरकारी पागेत घोडे सांभाळायचे. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, आणि मी एका कापसाच्या शेठकडे मोटरीवर लागलो. मोटर म्हणजे? अहो, लढाई करून आलेली! शेठनं महूच्या छावणीत पलटणीच्या लिलावात घेतली होती. रेड्यासारखं नाक, मागं उघडा हौदा, टायर एवढाले की सावलीला शेळी बसावी. आणि मुख्य म्हणजे चारी चाकांनी ओढणारी! बाकीच्या मोटरींची दोन चाकं राबतात आणि दोन नुसती मागंपुढं मिरवतात. आमची चारी कमावती!

त्यासाठी गियरशेजारी एक वेगळी दांडी होती. चिखल दिसला की मी 'नर्मदे हर' म्हणून ती ओढायचो. बघणारे हात जोडायचे.

गाडीबरोबर पोत्यात गुंडाळलेला एक लांब, जड लोखंडी दांडा आला होता, आणि त्याला बांधलेली बोल्टची थैली. कशासाठी, ते कोणी सांगितलं नाही. पण मला काय अक्कल नव्हती? गाडी रुतली की तो दांडा चाकाखाली घालायचा, चौघांनी जोर लावायचा, गाडी बाहेर! "बघा पलटणीचं डोकं," मी लोकांना सांगायचो, "टेकूसुद्धा बरोबर दिलाय!"

चारी चाकांनी ओढणारी गाडी मुळात रुततेच कशी, हे मात्र मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

पुढं पलटणीची ताडपत्री फाटली. शेठनं हौद्याला सागवानी फळ्या मारल्या, गाडी कापूस वाहू लागली. मग बाजारची माणसं बसायला लागली, म्हणून सुतारानं दोन बाकं केली. बाकं बसवायला बोल्ट नव्हते. थैली होतीच की! असे पक्के बसले, असे पक्के बसले, की विचारू नका.

अशात माझी सोयरीक निघाली. मुलगी धरमपुरीची, वत्सला. तिचे वडील, आबा, शेतीवाले. मुलगा पसंत होता, पण एकच अडलं.

"आमच्या गावाबाहेरचा नाला भरला की धारचा रस्ता बंद," आबा म्हणाले. "एकुलती एक पोर. श्रावणात माहेरी येणार कशी?"

"आबा, माझी गाडी चारी चाकांनी ओढते!"

"मग श्रावणात आणून दाखवा. सुपारी तेव्हाच फोडू."

आणली की! शेठनं गाडी दिली. मागं एका बाकावर नवं धोतर नेसलेले आमचे काका, समोरच्या बाकावर मांडीवर पेढ्यांचा डबा घेतलेली काकू. नाल्याच्या पलीकडे सगळं गाव जमलेलं. त्यात आबा, आणि आबांच्या मागं पदर दातांत धरलेली वत्सला.

मी छाती काढली. 'नर्मदे हर' म्हणून दांडी ओढली. गाडी मध्यावर गेली, आणि म्हशीसारखी बसली.

"ओ भिया," काठावरून कोणीतरी ओरडलं, "गाडी नहाने आई क्या?"

मी ऐटीत उतरलो, मागचं फळकूट उघडलं, दांडा बाहेर काढला. तेवढ्यात वत्सलाचे मामा धोतर खोचून पाण्यातून आले. हे पलटणीत मोटरींवर काम करून आलेले.

"काय हो होणारे जावईबापू, हे काय?"

"टेकू."

"कशाचा?"

"चाकाचा. गाडीबरोबरच आलाय."

मामांनी दांड्याकडे पाहिलं, मग वाकून गाडीखाली पाहिलं. खालून आधी हसू आलं, मग आवाज आला.

"अरे भिया! पुढच्या चाकांना जोर याच दांड्यातून मिळतो! सुक्या रस्त्यावर पेट्रोल वाचावं म्हणून कोणीतरी काढून ठेवलाय. तू आजवर दोन चाकांवर फिरतोयस!"

"मग मी ती दांडी ओढत होतो ती?"

"हाताला व्यायाम!"

सगळं गाव हसलं. आबांनी तोंड फिरवलं. माझं लग्न डोळ्यांदेखत नाल्यात चाललं होतं.

"थांब, जोडून देतो," मामा म्हणाले. "याचे बोल्ट कुठं आहेत?"

मी हळूच बाकांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" काका म्हणाले.

"काका, जरा उतरता का?"

"या चिखलात? नव्या धोतरानं? बसल्या जागी काढ काय काढायचं ते!"

काढले. मामांनी गाडीखाली शिरून दांडा जोडला. मी दांडी ओढली, आणि काय सांगता! पुढच्या चाकांनी माती धरली, पाण्याचे फवारे उडाले, आणि गाडी डरकाळी फोडत सरळ काठ चढून वर! तसा अभिमान मला पुन्हा कशाचा वाटला नाही. उडी मारून खाली आलो, आबांना हात जोडले.

"बघा आबा! चारी चाकं!"

आबा माझ्यामागं बघत होते. "चाकं आली," ते म्हणाले, "माणसं?"

मागचं फळकूट लावायचं कोणाला सुचणार हो? नाल्याच्या मध्यावर दोन बाकं. एकावर काका, समोर काकू, पेढ्यांचा डबा डोक्यावर.

"अरे मेल्या," काका ओरडले, "आम्ही उतरलो नव्हतो!"

तेव्हा आबा हसले. असे हसले की डोळे पुसावे लागले. "दोन चाकांवर ज्यानं एवढे पावसाळे काढले," ते म्हणाले, "त्याला पोर द्यायला भ्यायचं काय?" ओल्या पेढ्यांनी तोंडं गोड झाली.

लग्नात आहेराच्या ताटात फेटा होता, आणि फेट्यावर हळदकुंकू लावलेली बोल्टची पुडी. "बाकांसाठी," मामा म्हणाले.

त्यानंतर वत्सलाचं श्रावणातलं माहेर एकदाही चुकलं नाही. गाडी पुन्हा कधी बसली नाही. चारी चाकांची होती हो आमची गाडी!

थोरला झाला तो उन्हाळा होता. शेठनं पेट्रोल वाचवायला दांडा काढून ठेवायला लावला होता. घरात पाळणा टांगायचा, बोल्ट हवे. फळीवर डब्यात सापडले, चांगले जाडजूड. मी खूश होऊन हातोडी घेतली. बाळंतीण खाटेवरून हळूच म्हणाली,

"अहो, आधी एकदा गाडीखाली वाकून बघून या."

मी हसलो. मग गेलो, वाकून बघितलं.

परत आलो आणि गुपचूप पाळणा दोरीनं बांधला.