अण्णांचं वाफेचं इंजिन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — कारण आमच्या घरात किस्से सांगणारा मीच, आणि हा किस्सा मी कायम खोटा सांगत आलो.

तो ऐकून तुम्हीही हसला असता. गास गावात आमची केळीची वाडी. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, भंगारातून पितळेचं एक जुनं इंजिन आणलं — खेळण्यातलं, पण खऱ्या वाफेवर चालणारं. तांब्याएवढा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, बाजूला बोटाएवढा सिलेंडर. तो सिलेंडर खिळखिळा होता. म्हणजे मला तसा वाटला. मी कोण? घरातला एकुलता एक इंजिनिअर! (नोकरीत जन्मभर कोटेशनं टाइप केली, ते सोडा.)

मी त्याला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, घट्ट बसवला. अण्णा म्हणाले, "अरे, हा डोलायला हवा. डोलला की भोकासमोर भोक येईल, तेव्हाच वाफ आत जाईल ना?"

"अण्णा, तुम्ही केळी बघा."

सगळे हसले — अण्णाही.

इंजिन चाललं नाही. चालेल कसं? पण माझ्या डिग्रीवर त्यांचा केवढा विश्वास — माझा डाग सोडून बाकी सगळं ते उघडत, पुसत, जुळवत राहिले. पुढे कधीतरी मोबाइलवर तसलंच इंजिन चालताना दिसलं. सिलेंडर मस्त डोलत होता. मी काय केलं? मोबाइल खिशात घातला. आणि घरच्या प्रत्येक हळदीला "अण्णांनी इंजिनात चहा उकळला" हा किस्सा रंगवला. टाळ्या घेतल्या, निर्लज्जासारख्या.

मग वाडीतला पंप बंद पडला. तो पंप कायम अण्णाच उघडायचे. त्या दिवशी पाना खाली ठेवून म्हणाले, "मेकॅनिकला बोलव. माझं डोकं आता चालत नाही. ते इंजिनसुद्धा कळलं नाही मला."

तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? किस्से सांगायला उघडतं की!

यंदा दिवाळीत अण्णा आत्याकडे गेले होते, तेव्हा मी चोरासारखा तो डाग सोडवला. ते परतल्यावर त्यांच्यासमोर दिवा पेटवला. वाफ धरली, चाक फिरलं. अण्णा वाकून बघत राहिले.

"डोलतो होय हा! तुला कसं रे सुचलं?"

स्वतःचंच बोलणं ते विसरले होते. एक वाक्य पुरलं असतं — एकच.

"अभ्यास केला, अण्णा," मी म्हणालो.

आता ते गावभर माझं कौतुक सांगतात. पंपाला अजूनही गोखिवऱ्याचा मेकॅनिक येतो.