भर उन्हात गेलेली वीज

ताईच्या नवऱ्याची फुप्फुसं गिरणीतल्या धुळीने पार निकामी केली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घुरघुरायचं. त्याच खोलीत ताई शिलाई करायची, पण तिचा एक कान कायम तिकडेच. वीज गेली की मशीन बंद. मग ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायचा आणि वीज येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं.

तिचा धाकटा भाऊ सोलर पॅनेल बसवायचा. त्याने तिला सगळं समजावलं. ऊन पडलं की पॅनेलमधल्या सिलिकॉनमध्ये वीज तयार होते, इन्व्हर्टर ती घरात वापरता येईल अशी करतो. निळी पॅनेल जरा स्वस्त, पण जागा जास्त खातात. वाकणारी, पातळ पॅनेलही मिळतात, त्यांना तर आणखी जागा. "तुझं छप्पर एवढंसं. तुला काळीच हवीत, एकसंध स्फटिकाची. कमी जागेत जास्त वीज."

"हा बोलायला लागला की माझं मशीनसुद्धा दमतं," नवरा धापा टाकत हसला.

पॅनेल बसली. निदान दिवसाची तरी काळजी मिटली, असं ताईने धरून चाललं. एका रात्री सिलिंडर संपला, तो तिने लगेच भरून आणला नाही.

एका दुपारी, बाहेर रणरणतं ऊन असताना, मशीन किंचाळलं आणि गप्प झालं. नवऱ्याचे ओठ काळेनिळे पडू लागले. तिने भावाला फोन लावला.

"अरे, ऊन आहे ना! मग हे बंद कसं पडलं?"

"ताई, बाहेरची लाइन गेली की आपलंही बंद होतं. नाहीतर आपली वीज तारांत शिरून दुरुस्ती करणाऱ्याला झटका बसेल. बॅटरी असती तर... मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"तू सांगितलंस तेवढंच मला ठाऊक!"

शेजाऱ्याने गाडी काढली म्हणून नवरा वाचला. पण घरी आला तो निम्मा होऊन. आता उठून बसायलाही आधार लागायचा.

भावाने स्वतःहून बॅटरी आणि दुसरा इन्व्हर्टर आणून बसवला.  तो बॅटरीचे गुण सांगू लागला, तसं ताईने त्याला तोडलं.

"ही कधी बंद पडेल, ते आधी सांग."

तो खाली बसला. आभाळ भरून राहिलं तर, रात्री वीज फार वेळ गेली तर... एकेक सांगताना त्याचा आवाज बसत गेला. तिने सगळं ऐकून घेतलं. जाताना तो उंबऱ्यात घुटमळला, पण तिने काही मान वर केली नाही.

आताशा दुपारी मध्येच उठून ती स्वतःच बाहेरच्या लाइनचा मेन स्विच पाडते. मशीन बॅटरीवर चालूच राहतं.

"अगं, किती वेळा बघशील?" नवरा विचारतो.

 स्विच पाडलेलाच ठेवून ती आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहते.