जप्त केलेला फोटो

माझ्या दुकानात चोरीचं सॉफ्टवेअर होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला कायदा शिकवायला नको. मुखेड आणि उदगीरच्या मधल्या आमच्या बाजारगावात लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, अर्ज, भाडेकरार असलं सगळं मी करून देते. ज्याने कॉम्प्युटर विकला त्यानेच आत सगळं भरून दिलं होतं आणि ते कुठून आणलं हे मी विचारलं नाही, कारण गावात कोणीच विचारत नाही. शाळांच्या प्रश्नपत्रिका त्यावरच निघत. ‘हेल्मेट घाला’ हा पोलिसांचा बोर्डसुद्धा मी त्यावरच केला होता, आणि तोही फुकट.

ऐन लगीनसराईतली गोष्ट. सकाळी शटर वर सारते न सारते तोच एक बाई आली. शेजारच्या वाडीची. तिचा दीर माझ्याकडे बॅनर करायला यायचा, त्यामुळे तोंडओळख होती. तिचा सासरा आदल्या दिवशी बाजारातून हरवला होता. म्हाताऱ्याला अलीकडे घर आठवत नव्हतं, गाव आठवत नव्हतं, सुनेलाही तो कधी कधी ‘कुणाची गं तू’ म्हणून विचारायचा. आठवत होते ते फक्त बैल. जन्मभर देवणी जातीचे बैल सांभाळलेला माणूस. बाजारात ती मिरच्या घ्यायला वाकली आणि सरळ झाली तेव्हा म्हातारा जागेवर नव्हता.

“पोलिसांत गेला होतात का?” मी विचारलं.

“हाव. लिहून घेतलं त्यांनी. हवालदारसाहेब म्हणले, आमच्याकडं माणसं न्हाईत, गाडी बी न्हाई. फोटो टाकून पत्रकं काढा आन् गावोगाव वाटा. त्यांनीच तुमचं दुकान सांगितलं.”

फोटो मात्र नव्हता. आजकाल सगळ्यांचे फोटो मोबाईलमध्ये असतात म्हणतात. ह्या म्हाताऱ्याचा नव्हता, कारण कोणी मोबाईल समोर धरला की तो तोंडावर रुमाल ओढून घ्यायचा. आधार कार्डावर होता, पण त्यात तो आहे की दुसराच कोणी हे सुनेलाही सांगता आलं नसतं. दीर पुण्याला कंपनीत लागलेला, ज्यात एक फोटो होता तो त्याचा जुना फोन फुटून कधीच भंगारात गेलेला.

तेवढ्यात मला बॅनर आठवला. आमच्याकडे कोणाही पुढाऱ्याचा वाढदिवस असो, बॅनरच्या खालच्या अर्ध्या भागात शुभेच्छुकांची तोंडं असतात. गोल गोल, एकाला एक चिकटून. ज्याचं तोंड राहिलं तो पुढाऱ्याशी आणि माझ्याशीही बोलणं बंद करतो. मागे असाच एक बॅनर ह्या दिराने करून घेतला होता आणि हट्टाने आपल्या बापाचं तोंड त्यात बसवलं होतं. आपण चौकात लागणार आहोत हे कळल्यावर म्हातारा त्या एकदाच कॅमेऱ्यासमोर नीट बसला होता. मोठा, स्वच्छ फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. मी फाइल उघडली आणि स्क्रीनवर म्हातारा आला. डोक्याला रुमाल, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, पांढऱ्या मिशा. सून खुर्चीच्या मागे उभी होती. ती एकदम रडायलाच लागली.

मी तोंड मोठं केलं, वर ‘हरवले आहेत’ लिहिलं, खाली वर्णन घातलं. फोन नंबर तेवढा टाकायचा राहिला होता, इतक्यात दारात दोन गाड्या थांबल्या. हो, दोन. ज्या ठाण्याकडे म्हाताऱ्याला शोधायला एक गाडी नव्हती, त्या ठाण्याच्या दोन गाड्या. साहेब उतरले, शिपाई उतरले, महिला पोलीसही बरोबर आणली होती. सकाळी ह्या बाईला माझ्याकडे पाठवणारा हवालदारही उतरला आणि तिला बघून त्याने मान खाली घातली. सगळ्यात शेवटी इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण माणूस उतरला, सॉफ्टवेअर कंपनीच्या वतीने मुंबईहून आलेला.

“हात लावू नका, मॅडम,” तो म्हणाला. बोलणं अगदी मऊ, दवाखान्यातल्यासारखं.

मी म्हटलं, तुम्हाला काय न्यायचं ते न्या, मी कुठे पळत नाही. फक्त हे एक पत्रक छापू द्या. माणूस हरवलाय. ऊन बघताय ना बाहेर?

त्याने स्क्रीनकडे बघितलं. त्याला वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही. पण तो म्हणाला, “मॅडम, आता प्रिंट काढली तर तो आमच्या डोळ्यांदेखत गुन्हा होईल. आणि पुराव्यात बदल झाला असंही म्हणतील.”

मी साहेबांकडे बघितलं. साहेब पंख्याकडे बघत होते. निदान स्क्रीनचा फोटो घ्यावा म्हणून मी मोबाईल उचलला, तोवर त्या तरुणाने भिंतीतली पिन ओढली होती. म्हातारा गेला. मग समोरच्या हॉटेलातून दोन पंच धरून आणले, कॉम्प्युटर पांढऱ्या कापडात बांधला, लाख वितळवून शिक्के मारले. एवढी निगुतीने केलेली कामगिरी मी ह्या गावात दुसरी पाहिलेली नाही. माझ्या घरातून गॅसची टाकी चोरीला गेली तेव्हा पंचनाम्याचा कागदसुद्धा मलाच आणायला लावला होता.

खरा घोळ पुढेच झाला. गाड्या गेल्या आणि मी त्या बाईला घेऊन समोरच्या टायपिंगवाल्याकडे निघाले, तर त्याचं शटर खाली. पलीकडचा झेरॉक्सवाला, बंद. फोटो स्टुडिओ, बंद. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या तोंडाशी बॅनर छापणारा आहे, तो तर कुलूप लावून सासुरवाडीला निघून गेला होता. छाप्याची बातमी गाडीपेक्षा आधी पोचली होती. सगळ्यांचा माल एकाच झाडाचा, मग दुकान उघडं ठेवणार कोण? अख्ख्या बाजारगावात त्या दिवशी कागदाचा एक तुकडा छापून मिळेना. मी ओळखीच्यांना फोन केले तर त्यांनी फोनही उचलले नाहीत. मी काय त्यांची नावं सांगणार होते?

पुढाऱ्याच्या मोबाईलवर बॅनरचा नमुना होता. तो मागवला, पण त्यात म्हाताऱ्याचं तोंड तिळाएवढं; मोठं केलं की नुसते ठिपके. मग सुनेला आठवलं की जुना बॅनर त्यांनीच आणून कडब्याच्या गंजीवर टाकला होता. एका रिक्षावाल्याला घेऊन आम्ही वाडीला गेलो आणि बॅनर खाली ओढला. पुढारी घडीच्या आत राहिल्यामुळे शाबूत होता, हात जोडलेला. खालची तोंडं उन्हाने पार उडाली होती.

शेवटी मी पुठ्ठ्यावर हाताने लिहिलं. ‘धोतर, पांढरा रुमाल, गळ्यात लिंग, मिशा पांढऱ्या.’ बसस्थानकात लावलं. तिथे बाकावर असे निदान पाच-सहा म्हातारे बसलेले होते. कंट्रोलरने वाचलं आणि म्हणाला, “ताई, ह्यातला कोणता?”

ह्यातला कोणताच नाही, हे उत्तर नंतर कळलं, आणि कळून उपयोग नव्हता. दीर पुण्याहून आल्यावर आम्ही देवणी गावाला गेलो, कारण हरवल्या दिवशी बैल भरलेली एक पिकअप तिकडे गेली होती. जनावरांच्या बाजाराजवळच्या चहावाल्याला वर्णन सांगितलं. दिराला बघूनच तो म्हणाला, “तुमच्यासारखंच नाक. हाय की, आले होते. परवा दिसभर हितंच बसून होते. येईल त्या बैलाचे दात बघून राहिले होते. मी चा पाजला. गाव विचारलं तर सांगता येईना. मला वाटलं, कोणा व्यापाऱ्याचा बाप असंल.” परवा म्हणजे माझ्याकडे शिक्के मारत होते तो दिवस. संध्याकाळी म्हातारा उठून कर्नाटकाच्या अंगाने चालू लागला. “एखादा कागद दिसला असता तर मी हात धरून बसवून ठेवलं असतं,” चहावाला म्हणाला. त्याच्या पुढ्यातल्या खांबावर तऱ्हेतऱ्हेची पत्रकं चिकटवलेली होती.

तेव्हापासून मी ह्या विषयावर कोणाशीही भांडते. दुसऱ्याने रात्रंदिवस खपून केलेली वस्तू फुकट वापरणं बरोबर नाही, हे मला कळतं. माझी पत्रिकेची डिझाइनं समोरचा उचलतो तेव्हा माझं डोकंही फिरतं. कंपनीने नोटीस पाठवावी, दिवाणी दावा लावावा, हप्ते बांधून द्यावेत. मी भरले असते, आता नव्या कॉम्प्युटरसाठी भरतेच आहे. पण ठाण्यात माणसं मोजकी, गाड्या मोजक्या, आणि त्यांनी आज कोणाच्या मागे धावायचं हे कोण ठरवतं? मुंबईहून इस्त्रीच्या शर्टात आलेला माणूस ठरवतो, कारण त्याच्याकडे वकिलाचा कागद असतो. वाडीची बाई येते तेव्हा तिला दुकानाचा पत्ता देतात. आणि ह्या सगळ्या कारवाईने काय बंद झालं? आठवड्याच्या आत सगळी शटरं वर गेली आणि त्याच मशीनवर तेच सॉफ्टवेअर चालू आहे. मी एकटी शहाणी होऊन बसले आहे.

माझा खटला चालू आहे. म्हणजे तारखा पडतात. फोटो तरी काढून द्या, असा अर्ज माझ्या वकिलाने केला, तर कंपनीने हरकत घेतली. प्रयोगशाळेत जायचा नंबर लागेपर्यंत कॉम्प्युटर उघडता येणार नाही. तो ठाण्याच्या मागच्या खोलीत आहे, मोडक्या मोटारसायकली आणि पकडलेल्या दारूच्या कॅनच्या शेजारी.

म्हातारा अजून सापडलेला नाही. परवा त्याची सून परत ठाण्यात निघाली, मी सोबत गेले. साहेब बदललेत. नव्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. माणूस खरंच चांगला वाटला. मग म्हणाले, “बाई, आम्ही सगळीकडे कळवतो. कर्नाटकात पण कळवतो. पण तुम्ही अजून फोटोच दिला नाही. फोटोशिवाय शोधायचं कसं?”

तिने उठून मागच्या खोलीच्या दाराकडे बोट केलं.

“तुमच्याकडंच हाय की, साहेब,” ती म्हणाली. “तुम्हीच नेला.”

साहेबांनी हवालदाराकडे बघितलं. हवालदार म्हणाला, “साहेब, तो मुद्देमाल आहे,” आणि आम्हाला बाहेरची वाट दाखवायला उठला.