तिखट आत्या

माझ्या आत्याला राग आला की भूक लागायची. भांडून घरात आली की ती उभ्यानंच बुक्कीनं कांदा फोडायची, पोळीत शेव भरायची आणि कचाकचा चावत राहायची. इंदूरच्या आमच्या मिलवस्तीत सगळे तिला ‘तिखट आत्या’ म्हणत. आतोबा नेमके उलटे. मिलमध्ये विणकर, बोलणं कमी. जरा काळजी लागली की त्यांना घास उतरत नसे. “अहो, भूक पोटात असते, तुम्ही डोक्यात काय शोधताय?” असं म्हणत ती त्यांना जबरदस्तीनं वाढायची.

पलासिया भागातल्या डॉक्टरांनी तिचं ब्लडप्रेशर पाहून मीठ आणि संताप, दोन्ही कमी करायला सांगितलं. “दोन्ही एकदम नाही जमणार, डॉक्टरजी. एक काहीतरी राहू द्या,” ती म्हणाली. पथ्यही तिनं मारामारीसारखंच धरलं. घरी येताच लोणच्याच्या बरण्या अंगणातल्या दगडावर आपटल्या. काच तळव्यात घुसली, ते रक्त पदराला पुसलं. संध्याकाळी नळावर शेजारणीशी वाजलं आणि पथ्य संपलं. त्याच शेजारणीकडून लोणचं मागून आणून ती जेवली.

मग मिल बंद पडली. ती पुन्हा सुरू करावी म्हणून कामगार फाटकापुढे उपोषणाला बसले, त्यांत आतोबाही होते. “तुम्हाला तर बरंच झालं,” आत्या कडवटपणे म्हणाली. पण रोज पितळी डबा भरून ती त्यांच्याशेजारी जाऊन बसायची. उपोषण सुटेल तेव्हा पहिला घास घरचा असावा, एवढंच तिचं म्हणणं.

एका दुपारी यंत्रं उचलून न्यायला ट्रक आले, सोबत लाठ्या घेतलेली माणसं. आतोबा ट्रकपुढे आडवे झाले. एकानं त्यांना केसांना धरून फरफटत बाजूला ओढलं. आत्या उठली आणि तो भरलेला डबा तिनं त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं. दुसऱ्या घावात भुवई उकलली. तो खाली पडला तरी ती मारत होती. तेवढ्यात मागून लाठी आली, ती थेट तिच्या जबड्यावर. मी भिंतीपाशी उभी होते. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

डॉक्टरांनी जबडा तारेनं बांधला. नळीनं पेज, ताक, डाळीचं पाणी. सुरुवातीला ती वाटी हातानं उडवून लावायची. आतोबा फरशी पुसायचे, परत पेज करायचे. मग तिनं वाटी उडवणंही सोडलं.

तार निघाली, पण राग परत आला नाही. पुढ्यात येईल ते ती मुकाट्यानं गिळायची. अळणी वरणभात, दुधीची भाजी. नळावर कोणी काही बोललं तर मान खाली घालून घरात यायची. वजन उतरलं, ब्लडप्रेशर आटोक्यात आलं. डॉक्टर खूश झाले. आम्ही मात्र धास्तावलो होतो. पुढच्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली.

तेराव्याच्या पंगतीत हातोद गावचे एक नातेवाईक म्हणाले, “एक मात्र चांगलं झालं. शेवटी स्वभावानं शांत झाली बिचारी.”

आतोबा पाटावरून उठले. जन्मात कुणावर हात न टाकलेल्या त्या माणसानं नातेवाइकांची कॉलर धरली, त्यांना भरल्या ताटावरून ओढत नेलं आणि दाराबाहेर ढकललं. ते पायरीवर आपटले, कपाळ फुटलं.

“शांत नव्हती झाली ती,” आतोबा म्हणाले. “मारली तिला.”

पंगत तिथंच थांबली. आतोबांना शांत व्हा म्हणायला कुणीच पुढे आलं नाही.