खडीचं माप

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पंधरा एकरांत कुसळसुद्धा उगवलं नाही, तेव्हा आई आणि मी सरकारी कामावर खडी फोडायला गेलो. मी सतरा वर्षांची होते. बागाईतदाराची बायको खडीवर बसली हे गावाला कळू नये, म्हणून आईने माहेराजवळचं काम धरलं. वडिलांनी गावात सांगितलं, "माहेरपणाला गेल्यात." छान माहेरपण होतं ते.

पहिल्याच दिवशी शेजारी कोण, तर आमच्याच रानात मजुरीला येणारी मावशी. गावच्या कामावर मजूर भरले म्हणून ती इथवर आली होती. आईने पदर नाकापर्यंत ओढला, घाईत हातोडी मारली आणि स्वतःचा अंगठा फोडून घेतला. मावशीने डोक्यावरची चुंबळ काढली आणि तिच्यात दगड बसवला.

"बाई, बोटं मदी घालू नका. चुंबळ धरा, दगूड हालत न्हाई."

आईचा हात बसेपर्यंत मावशी स्वतःच्या खडीतली एकेक पाटी गुपचूप आमच्या ढिगात ओतायची. एवढं मोठं मन मी नात्यागोत्यात पाहिलं नाही. आणि आमचं गुपित तिने गावात कुणापाशी काढलं नाही.

सरकारला नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण त्या कामाचं मला आजही कौतुक वाटतं. खडीच्या मापाला गडी-बाई कळत नव्हतं. जेवढा ढीग, तेवढी मजुरी. आमच्या रानात गड्याला बाईच्या दुप्पट मिळायची आणि मला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं.

पुढच्या साली बाजरी पिकली. काढणीला माणसं जमली, पण मावशी बांधावरच थांबली.

"खडीच्या कामावर गड्याइतकी मजुरी मिळत हुती. हितं बी तेवढी द्या. न्हाईतर मी तलावाच्या कामावर जाते, ते अजून चालू हाय."

वडील तडकले. "सरकारचं सरकारपाशी. आमच्यात ही रीत न्हाई."

मावशीने विळा पदरात गुंडाळला आणि वळली. आईचं गुपित तिच्या ओठावर होतं. तिने ते तिथेही वापरलं नाही.

तेव्हा आईच पुढे झाली आणि सगळ्या गड्यांसमोर म्हणाली, "तिला तेवढीच द्या. मी वरीसभर तिच्या शेजारी बसून खडी फोडलीया. आमचं माप एकच हुतं."

वडिलांनी खाली बघतच मान डोलावली. आईने मात्र तोंडावर पदर ओढला नाही. मावशीने पदरातून विळा सोडवला आणि गड्यांच्या बरोबरीने ओळ धरली.